दहावर एक

साखर कारखान्याचा भोंगा सुरू झाला की माझे खांदे आपोआप सावध होतात. परवा तेच झालं. पहाटे अंगणात तोंड धुवत होते, थंडी अशी की पितळी तांब्या हाताला चावत होता, आणि वाऱ्याबरोबर मळीचा तो आंबूस-गोड वास आला. हा वास घरात कुणाला आवडत नाही. आमची सूनबाई वैशाली तर पटापट खिडक्या लावून घेते. मी मात्र तिथंच उभी राहून दोनदा छाती भरून घेतला. वासावरून कुणाला माहेर आठवतं, कुणाला शाळा आठवते. मला रबराच्या काळ्या मॅट आठवल्या, घामानं निसटणारी लोखंडी कांब आठवली, आणि सांगलीचा तो हॉल आठवला. तीन वर्षं झाली त्याला. तोही असाच उसाचा हंगाम होता. मी साठीच्या पुढं गेलेली होते आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी खेळात नाव दिलं होतं.

या दिवसांत आमच्या मलकापुरात रस्त्याला रस्ता म्हणवत नाही. ट्रॉल्यांच्या रांगा, त्यांच्या मागं अडकलेल्या मोटारी, खाली पडलेल्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, तुटून पडलेल्या गायी. या सगळ्यातून वाट काढत मी तेव्हा रोज सकाळी साडेपाचला जिमला निघायचे. अंगात वैशालीची काळी ट्रॅक पॅन्ट, वर संपतचा, म्हणजे माझ्या मुलाचा, फौजेतला जुना स्वेटर, डोक्याला मफलर. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या पारूबाईनं झाडता झाडता गाठलं.

"शालनआक्का, सुनंची पॅन्ट घालून कुठं निघालीयास गं? भरती हाय का कुठं?"

"व्हय, भरतीच हाय. तुजं बी नाव दिलंय, आवर लवकर!"

पारूबाईचा झाडू तसाच हातात राहिला. पुढं दोन महिने ती मला "मिल्ट्री" म्हणत होती. म्हणू दे. हसण्यावारी नेणारी माणसं बरी असतात. काळजी करणारी माणसं जास्त जड जातात, आणि माझ्या घरात तसा एक होता.

पण मी तिथं गेलेच का, ते आधी सांगायला पाहिजे.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्या झाल्या वडूजला माझ्या भाच्याचं लग्न निघालं. वडूज माझं माहेर. आमचं घराणं मेंढरांचं. आठ महिने मेंढरांमागं फिरायचं आणि पावसाळ्यात घरच्या कोरडवाहू रानात जे येईल ते करायचं. लहानपणी मी पाय मोडलेलं कोकरू मानेवर घेऊन कोसभर चालले आहे, त्याचं कुणी कौतुक केल्याचं आठवत नाही. तर त्या लग्नात मी हौसेनं पंगतीला बसले. मांडी घालून, अगदी मधोमध. जेवण झालं, सगळ्या बाया उठल्या, आणि माझा गुडघा काही उठेना. मी हसले, परत प्रयत्न केला, परत हसले. शेवटी दोन भाचे आले, काखेत हात घालून मला उचललं, आणि त्यातला एक मांडवभर ओरडला, "आत्याला खुर्ची आणा रं!"

ती लाल प्लॅस्टिकची खुर्ची त्या दिवशी माझ्या मागं लागली. हळदीकुंकवाला गेलं, खुर्ची. कीर्तनाला गेलं, खुर्ची. बाया खाली सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून कुजबुजायच्या, हसायच्या, आणि मी वर एकटी, देवळातल्या मूर्तीसारखी. वरनं काही ऐकू यायचं नाही. लोकांना वाटतं, खुर्ची दिली म्हणजे मान दिला. खाली काय हसणं चाललंय हे कळायचं बंद झालं की माणूस म्हातारं झालं, एवढं मला त्या पंधरा दिवसांत समजलं.

त्यात संपतनं काठी आणली. संपत फौजेतून रिटायर होऊन आलेला, आता ऊस बघतो. त्याचं प्रेम कामातून दिसतं, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याला संकट. काठी कोपऱ्यात टेकवून तो म्हणाला, "रबरी बूच हाय खाली. घसरणार न्हाई."

मी त्या काठीकडं बघितलं आणि वैशालीला म्हटलं, "तू सकाळी जातीस तिथं मला ने."

जिम म्हणजे ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरचा एक लांबलचक हॉल. आत पाऊल टाकलं तर मधोमध ट्रॅक्टरचं मोठं टायर आडवं पडलेलं. मी म्हटलं, "हे खालच्या दुकानात द्यायचं राहिलं वाटतं." पोरी हसल्या. ते टायर म्हणे उलटं-पालटं करायचं असतं. एका कडेला छपराला जाड दोरखंडाचा सोल लोंबत होता, तो चढायचा. बसल्या जागी वल्हवायचं एक यंत्र होतं, त्याला मी होडी म्हणायला लागले. मोठ्या कुलुपासारखे दिसणारे लोखंडी गोळे होते, त्यांना मी कुलूपच म्हणायचे, आणि महिन्याभरात आख्खी जिम त्यांना कुलूप म्हणायला लागली. आणि बर्पी म्हणून एक प्रकार! साष्टांग नमस्कार घालायचा, लगेच उठून उडी मारायची, परत नमस्कार. देव समोर नाही, नवस बोललेला नाही, तरी नमस्कार चालूच. असं सगळं मिसळून, कधी पळायचं, कधी उचलायचं, कधी चढायचं, त्याला क्रॉस ट्रेनिंग म्हणतात. आणि ते घड्याळ लावून करतात, त्याच्या स्पर्धा होतात.

शिकवणारी पोरगी ऋतुजा. मूळची पलूसची, कबड्डी खेळलेली, आवाज असा की खालच्या दुकानातला माणूस दचकावा. तिनं मला एका लाकडी खोक्यावर बसवलं आणि म्हणाली, "मावशी, हात न टेकता उठून दाखवा."

मला उठता आलं नाही.

मला वाटलं, आता ही म्हणेल बसा, विश्रांती घ्या. ती म्हणाली, "बरं. मग आपण इथनंच सुरू करायचं." एवढंच. खुर्चीचं नाव काढलं नाही त्या पोरीनं. पहिला महिना मी फक्त खोक्यावरनं उठायला शिकले. उंच खोका, मग त्याच्याहून बुटका, मग त्याच्याहून बुटका. उसाचे फड एकेक करून रिकामे होत होते आणि माझे खोके एकेक करून बुटके होत होते. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी जमिनीवर बसले आणि हात न लावता उभी राहिले. वैशाली रडली. मी रडले नाही, मी परत खाली बसले आणि परत उठले. खरंच झालं का ते बघायला.

इथं माझी एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं. ऋतुजा म्हणायची दहा वेळा, मी अकरा वेळा करायचे. मला त्यात वेगळं काही वाटायचंच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं धरलं.

"मावशी, दहा सांगितले होते. अकरा झाले."

"व्हय."

"व्हय काय? मोजता येत न्हाई का?"

"येतंय की. दहा झाले, आन् वर एक."

तिला ते कळेना. कळणार कसं, ती पिशवीबंद धान्य घेणारी पिढी. आमच्या आईकडं शेजारपाजारच्या बाया जोंधळे न्यायला यायच्या. आई अधोलीच्या मापानं मोजायची, काठावर ढीग येईल अशी शीग लावून. माप पुरं झालं की हात थांबायचा नाही, वर एक ओंजळ पदरात पडायचीच. ती मोजणीत नाही. दुधाचंही तेच, मापटं रिकामं केलं की वर एक धार. माप नुसतं मापाइतकंच दिलं तर आई त्याला तुटकं म्हणायची. दुष्काळी मुलूख आमचा, घरात कणगीचा तळ दिसायचा, पण ओंजळ चुकली नाही. मला शेण्या थापायला बसवलं तरी मी वर एक थापायचे. पाण्याच्या खेपांनाही वर एक खेप. ते हाडात गेलेलं, ते ऋतुजाच्या शिट्टीनं कसं जाणार?

हे तिला सांगितलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, तुमची आई लय मोठ्या मनाची होती. पण हे घड्याळ मोठ्या मनाचं न्हाई. ते वरचं घेत न्हाई."

आता स्पर्धेचं. सांगलीला संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी स्पर्धा होती आणि तिच्यात पंचावन्नच्या पुढच्या बायकांचा एक गट होता. ऋतुजानं मला न विचारता माझं नाव दिलं आणि दिल्यावर विचारलं, "देऊ का?" काम असं: भिंतीवरच्या रेघेवर चार किलोचा चेंडू दहा वेळा मारायचा, प्रत्येक वेळी पुरतं खाली बसून उठायचं. मग खोक्यावर दहा वेळा चढ-उतार. मग कुलूप दहा वेळा जमिनीवरनं उचलायचं. अशा चार फेऱ्या. आणि शेवटी बारा किलोची वाळूची पिशवी छातीशी धरून हॉलच्या त्या टोकाला जाऊन यायचं, दोनदा. सगळं पंधरा मिनिटांत. पंधरा मिनिटांची शिट्टी वाजली की जिथं असाल तिथं थांबायचं, आणि मग तुमचं काम अपुरं.

हे संपतला कळलं त्याच आठवड्यात माझी नडगी खोक्याच्या कडेला सोलली होती. त्यानं पट्टी बघितली, जेवता जेवता ताट सरकवलं.

"आई, बास झालं आता. हाड मोडलं मंजे?"

"मोडलं न्हाई की."

"मोडल्यावर सांगणार हायस का? उठता येत न्हवतं, आता येतंय. झालं न्हवं काम? आता शर्यत कशाला?"

खरं उत्तर होतं, पण ते पोराला सांगायला लाज वाटत होती. आयुष्यभर मी जे उचललं, घागरी, वाड्याचे भारे, पोतं, पोरं, आजारी सासू, ते सगळं काम होतं. उचललं नसतं तर कुणाचं तरी अडलं असतं. तिथं त्या हॉलमध्ये मी कुलूप उचलायचे आणि परत तिथंच ठेवायचे. कुणाचं काही अडलेलं नाही, कुणाचं पोट त्यावर नाही. आणि ते उचललं की चार पोरी टाळ्या वाजवायच्या. उचलल्याबद्दल टाळी! बासष्टाव्या वर्षी मला कळलं की माझ्या अंगात ताकद आहे आणि ती माझी आहे. ही गोष्ट हातातून सोडायची नव्हती मला. गुडघा हे नुसतं निमित्त होतं.

ताट परत पुढं ओढत संपत म्हणाला, "बरं. फौजेत असतंय तसं करू. टाइमात मंजे टाइमात. पंधरा मिनिटांत पुरं केलंस तर मी परत तोंड उघडणार न्हाई. न्हाई झालं, तर सोमवारपासनं जिम बंद. घरात बसायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. म्हणताना मला माहीत होतं की माझी आदल्या दिवशीची वेळ सोळा मिनिटांच्या वर होती. त्याला माहीत नव्हतं.

मग ते शेवटचे तीन आठवडे. काय गोड दिवस होते ते, आणि काय कडू! सकाळी कृष्णेवरून धुकं उठून पार हायवेपर्यंत यायचं. मी जिन्याच्या पायऱ्या चढायचे तेव्हा मांड्या म्हणायच्या नको, आणि उतरायचे तेव्हा तर काहीच म्हणायच्या नाहीत, नुसत्या थरथरायच्या. घरी आल्यावर वैशाली गरम पाण्याची बादली काढून ठेवायची. भाकरी दोनाच्या तीन झाल्या. झोप अशी लागायची की कूस बदललेली कळायची नाही. आणि रोज ऋतुजाचं एकच भजन, "दहा मंजे दहा! मावशी, चार फेऱ्या, प्रत्येकीत तीन कामं, वरचे बारा. बारा जादाचे करणार तुम्ही? अर्धं मिनिट तिथंच गेलं की!"

ते पटत होतं. मोजून बघितलं तर पोरगीचं खरं होतं. मी हट्टानं दहावर थांबायला शिकले. खोटं वाटेल, पण अकरावा मारण्यापेक्षा न मारणं मला जड गेलं. दहा झाले की हात तसाच पुढं जायचा, आणि मी त्याला आवरायचे. वेळ साडेपंधरावर आली. मग सव्वापंधरा. तिथं अडली ती अडलीच.

निघायच्या आदल्या दिवशी ऋतुजा म्हणाली, "शब्द द्या. उद्या वरचं न्हाई."

"न्हाई."

"आईची शपथ?"

"तिची शपथ कशी घालू? तिचंच तर हाय ते," मी म्हटलं. "शब्द दिला न्हवं, बास."

सांगलीचा हॉल म्हणजे नुसता आवाज. गाणी अशी लावलेली की छातीत धडधड आपली का त्या पेटीची कळेना. एका मुलीनं माझ्या दंडावर जाड पेनानं नंबर लिहिला. मला आमच्या जत्रेतली गोंदणारीण आठवली. आमच्या गटात पाचजणी. माझ्या शेजारच्या पट्ट्यात मिरजेच्या एक रिटायर मास्तरीणबाई होत्या, पांढरेशुभ्र बूट, केस बांधलेले, चेहरा शांत. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पहिल्यांदाच का हो?"

"व्हय. तुमचं?"

"तिसरी वेळ. मागच्या दोन्ही वेळा पूर्ण झालं नाही." आणि हसल्या. मला त्या बाई तिथंच आवडल्या.

प्रत्येकीच्या बाजूला मोजणारी एक मुलगी उभी. तिनं मला समजावलं, पुरतं खाली बसला नाहीत किंवा चेंडू रेघेच्या खाली लागला तर मी हात आडवा करून सांगेन, तो धरायचा नाही. दहा धरलेले झाल्याशिवाय पुढच्या कामाला जायचं नाही, गेलात तर परत बोलावीन. मी मान हलवली. दोरीच्या पलीकडं वैशाली होती, आणि तिच्या मागं हाताची घडी घालून संपत. मनगटावर घड्याळ, चेहरा असा की परेड बघायला आलाय.

शिट्टी झाली.

पहिली फेरी कशी गेली मला विचारू नका. दुसरीत ऋतुजाचा आवाज ऐकू येत होता, "दहा! सोडा! पुढं!" आणि मी सोडत होते. शब्द पाळत होते. घामानं डोळे चुरचुरत होते, तोंडाला लोखंडाची चव आली होती. तिसऱ्या फेरीला चेंडू हातात घेतला तेव्हा तो चार किलोचा राहिला नव्हता, जात्याची तळी झाला होता. गाण्यांच्या गोंगाटात आणि माझ्या श्वासात मला कुणाचाच आवाज येईना. उजवा कान तसाही माझा मंद, आणि मोजणारी उजव्या बाजूला. मी माझी मोजत राहिले. सात, आठ, नऊ, दहा. आणि डोकं इतकं रिकामं झालं होतं की ऋतुजा नाही, शब्द नाही, संपत नाही, काही नाही. हात आपले आपण खाली गेले, मी बसले, उठले, अकरावा चेंडू भिंतीवर बसला, आणि मी खोक्याकडं गेले.

खोक्यावर पहिलं पाऊल टाकताना मला कळलं. केलंच की मी ते! शेजारी बघितलं तर त्या मास्तरीणबाईंना मोजणारीनं खोक्यापासून मागं बोलावलं होतं, त्यांचा एक चेंडू धरला नव्हता. त्या बिचाऱ्या वळल्या, परत चेंडूकडं गेल्या, तो उचलला, श्वास घेतला, आणि त्या सगळ्यात किती वेळ गेला. मी मनाशी म्हटलं, मी तर फुकटचा घालवला.

चौथी फेरी संपली तेव्हा ऋतुजा दोन बोटं दाखवत होती. दोन मिनिटं. पिशवी उचलली. उचलताना पाठ वाकली ती मला जाणवली. पहिली खेप झाली. दुसऱ्या खेपेला हॉलच्या त्या टोकाला पोचले, वळले, आणि पाय संपले. दुखले नाहीत, नुसते संपले. पिशवी छातीवरून पोटावर, पोटावरून मांड्यांवर घसरायला लागली. पंचवीस-तीस पावलं उरली असतील. ती मला वडूज ते मलकापूर दिसायला लागली.

तेवढ्यात डाव्या कानाला आवाज आला. "डावा-उजवा! डावा-उजवा! पिशवी वर घे! आई, दम सोड, दम सोड आधी!"

संपत. दोरीच्या पलीकडून माझ्याबरोबर आडवा पळत होता, लोकांना ढकलत, कुणाच्या तरी पायावर पाय देत. मान तांबडी झालेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. "एक-दो! एक-दो! थांबायचं न्हाई!" मी हरावं अशी अट घातलेला माणूस, आणि आपण कुणाच्या बाजूचे हे तो पार विसरला होता. मी पिशवी वर घेतली. डावा. उजवा. डावा. रेघ ओलांडून पिशवी टाकली आणि तिच्यावरच बसले.

त्यानंतर शिट्टी वाजली. मी टेकले तेव्हा नऊ सेकंद उरले होते.

पाचांत तिघींचं काम पुरं झालं, मी तिसरी. गळ्यात पदक घालून एकानं माझ्या तोंडापुढं माईक धरला, "आजी, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "भूक लागलीया." सगळा हॉल हसला. काय करणार, खरं तेच वाटत होतं. मास्तरीणबाईंचं याही वेळी थोडक्यात राहिलं होतं. त्यांनी येऊन मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी तुमच्या पुढं असेन." मी म्हटलं, "या की. मी वाट बघते." या हंगामातही आमचं तेच बोलणं परवा फोनवर झालं. मधल्या एका वर्षी त्यांनी ते खरंही करून दाखवलं, सहा सेकंदांनी. मला वाईट वाटलं नाही असं म्हणत नाही. चांगलंच वाईट वाटलं.

ऋतुजा मोजणीचा कागद घेऊन आली तेव्हा मी ताक पीत होते. तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"मावशी, तिसऱ्या फेरीला चेंडू किती मारले?"

मी खाली बघितलं. "चुकलं बघ. शब्द दिला हुता, पर..."

"किती?"

"अकरा."

तिनं कागद माझ्यापुढं धरला. तिसऱ्या फेरीत, चौथ्या चेंडूवर फुली होती. मी पुरती खाली बसले नव्हते. मोजणारीनं हात आडवा केला होता, ओरडूनही सांगितलं होतं, मला ऐकू आलं नव्हतं. दहावर थांबून मी खोक्याकडं गेले असते तर मलाही परत बोलावलं असतं. ऋतुजा म्हणाली, "वीस सेकंद तरी गेले असते. तुमच्याकडं नऊ होते." आणि मग ती खाली माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि इतकी हसली की तिला उचकी लागली. "बाराच्या बारा सोडायला लावलं मी," ती म्हणाली, "आन् सोडायचा न्हवता तो नेमका सुटला न्हाई!"

मी तेव्हापासून विचार करते, त्याला दैव म्हणावं का सवय म्हणावं. ऋतुजाचं चुकलं होतं का? नाही. सगळ्या फेऱ्यांना वरचं केलं असतं तर मी पंधरा मिनिटांत आलेच नसते. मग माझ्या आईचं चुकलं का? तेही म्हणवत नाही. तिनं ती ओंजळ काही परत मिळावी म्हणून घातली नव्हती. एवढं मात्र खरं की माणूस दमून रिकामं होतं, शब्द, शिकवण, हुशारी सगळं गळून पडतं, तेव्हा हात जे करतात ते कुणीतरी फार आधी करून ठेवलेलं असतं. त्या हॉलमध्ये, त्या धडधडणाऱ्या गाण्यांत, वडूजची एक बाई माझ्या हातात येऊन एक चेंडू मारून गेली असं मला वाटतं. वाटू दे. माझं पदक आहे, मी हवं ते म्हणेन.

परतीच्या वाटेला वैशाली मागं झोपली. मी पुढं, संपतशेजारी. मांड्या अशा ताठल्या होत्या की गाडीत बसताना पाय हातानं उचलून आत घ्यावे लागले, आणि ते मी घेतले, त्याला हात लावू दिला नाही. सांगली सुटली, द्राक्षांच्या बागा लागल्या, पलूस आलं आणि मागं पडलं. उन्हं कलली होती. अट त्यानं घातली होती, ती सोडवायचीही त्यानंच.

घसा खाकरून तो म्हणाला, "पिशवी उचलताना पाठ वाकती तुझी."

"वाकली खरी."

"कंबर मोडंल तशानं. उद्या गेलीस की त्या पोरीला सांग, आधी पाठीचं घे म्हणावं."

उद्या सोमवार होता. मी खिडकीकडं तोंड फिरवलं, कारण माझं तोंड मला आवरत नव्हतं.

"सकाळी थंडी असती," तो पुढं म्हणाला. "साडेपाचला गाडी काढतो मी. सोडतो."

"गाडी कशाला? चालत जाते की."

त्यानं गिअर बदलला. रस्त्यावरची नजर काढली नाही.

"चालत जा," तो म्हणाला. "पण जा."